घसारा

माणूस पापापेक्षा डागाला जास्त भितो, असं माझं मत आहे. पापाचं एक बरं असतं, ते दिसत नाही. डाग दिसतो, आणि घरच्यांना न दिसता नेमका पाहुण्यांना दिसतो. त्यामुळे तुम्हीआम्ही मध्यमवर्गीय माणसं जन्मभर एकाच उद्योगात गुंतलेली असतो : वस्तूवर डाग पडू न देणे. नवा सोफा आला की त्यावर चादर येते. ती चादर मळू नये म्हणून तिच्यावर जुनं लुगडं येतं. पुढे सोफ्याचा रंग कोणता यावर नवराबायकोत मतभेद होतात. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी, फ्रिजच्या मुठीला लोकरीचं झबलं, मोबाईलच्या काचेवर दुसरी काच. आमच्या शेजारच्या घरी लग्नात आलेला कपबशांचा सेट २२ वर्षं काचेच्या कपाटात उभा आहे. त्यातून चहा द्यावा एवढ्या योग्यतेचा माणूस परभणी जिल्ह्यात अजून निपजायचा आहे. मी त्यांच्याकडे आठवड्यातून तीनदा चहा पितो, म्हणजे माझी योग्यता काय ते तुम्ही ताडलंच असेल.

मी पडलो बी.कॉम. आणि बँकेतला कारकून. आमच्या शास्त्रात या प्रकाराला एक झकास मराठी शब्द आहे : घसारा. वस्तू घासते, झिजते, तिची किंमत उतरते. ती उतरलेली किंमत दर वर्षी वहीत मांडायची, म्हणजे घसारा. तो मांडायच्या मुख्य पद्धती दोन. एकीत दर वर्षी सारखीच रक्कम वजा करायची, तिला सरळ रेषेची पद्धत म्हणतात. दुसरीत उरलेल्या किमतीवर टक्के लावत जायचं, ती घटत्या शिलकेची पद्धत. पहिल्या पद्धतीत वस्तू एक दिवस सुखानं शून्याला पोचते. दुसरीत ती कधी शून्य होतच नाही, नुसती कमी कमी होत राहते. आमच्या ऑफिसातली बहुतेक मंडळी दुसऱ्या पद्धतीनं निवृत्त होतात.

यातली गंमत अशी की टेबल वापरा नाहीतर कोपऱ्यात पालथं घालून ठेवा, हिशेबाच्या वहीत घसारा चालूच. प्राप्तिकरवाले त्यातल्या त्यात समंजस. यंत्र घेतलेल्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर ते म्हणतात, निम्मा घसारा घ्या. आणि एकच मालमत्ता अशी, की तिला घसाराच नाही : जमीन. जमीन झिजत नाही असं आमचं शास्त्र मानतं. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता प्रश्न असा पडतो, की वस्तू झिजते ती वापरल्यानं की न वापरल्यानं? आणि जिच्यावर एकही ओरखडा नाही तिला चांगली म्हणायचं, की नुसती न वापरलेली? वस्तूच्या जागी माणूस घातला की हाच प्रश्न नीतीचा होतो. ज्याच्या चारित्र्यावर डाग नाही तो सज्जन, की त्याला आजवर कुणी विचारलंच नाही? थोरामोठ्यांनी यावर ग्रंथ लिहिले असतील. मला मात्र याचं उत्तर एका रिव्हॉल्वरच्या सिलिंडरवर वाचायला मिळालं.

घरी ही हकिगत सांगायला घेतली तेव्हा पहिल्याच वाक्याला अपघात झाला. "सिलिंडरवर ओरखडे पडलेत," एवढं म्हणतोय तोवर सौ. म्हणाली, "पडणारच. तो पोऱ्या रिक्षातून दाणकन आपटतो ना!" तिच्या मनात १४.२ किलोचा लाल सिलिंडर होता. मग तिनं मला ओट्याखाली वाकायला लावून फरशीवरचं गंजाचं तांबडं कडं दाखवलं. "हे बघा. सिलिंडर मी घरभर लोळवते तिथे कुठे काही आहे का? एका जागी उभा असतो तिथेच कडं." मी निमूट उठलो. काही माणसं तत्त्वज्ञान सांगतात आणि काही माणसं फरशी पुसतात, पण मुद्दा तोच असतो. पुढचा घोटाळा टाळण्यासाठी मी रिव्हॉल्वरच्या सिलिंडरला चक्री म्हणतो.

तर आमच्या शाखेचे एक जुने खातेदार आहेत. खातेदाराची गुप्तता हा आमचा धर्म, तेव्हा नावगाव सांगत नाही. गंगाखेडच्या बाजूला गोदाकाठी त्यांची जमीन आहे, एवढं पुरे. सगळे त्यांना मालक म्हणतात म्हणून मीही म्हणतो. मालकांकडे आजोबांच्या वेळचं एक विलायती रिव्हॉल्वर आहे, परवान्याचं, वारसाहक्कानं आलेलं. आजोबांनी ते निजामाच्या अमदानीत हैदराबादेहून आणलं असं घरात सांगतात. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानातच होता, तेव्हा 'हैदराबादेहून आणलं' याला आमच्याकडे राजधानीचा वास असतो. वस्तू अमेरिकन बनावटीची, पण आमच्या भागात अमेरिकाही विलायतेतच येते. सॅम्युअल कोल्ट नावाच्या गृहस्थानं १८३६ साली फिरत्या चक्रीच्या पिस्तुलाचं अमेरिकेत पेटंट घेतलं. तो वारल्यावर त्याच्या कंपनीनं १८७३ साली एक प्रसिद्ध नमुना काढला. त्या घराण्यातलं हे.

याला सिंगल ॲक्शन म्हणतात. म्हणजे नुसता चाप ओढून काही होत नाही. दर गोळीला आधी अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा. घोडा मागे आला की आतलं एक बोट चक्रीला एक घर पुढे ढकलतं आणि पुढची गोळी नळीसमोर येते. चापाचं काम फक्त घोडा सोडायचं. आमच्या शाखेतही अशीच व्यवस्था आहे. सगळं कारकुनानं ओढून आणायचं आणि शेवटी साहेबांनी सही सोडायची.

आता चक्री नेमकी नळीसमोर थांबावी कशी? त्यासाठी खालून एक पोलादी खिट्टी असते आणि चक्रीच्या अंगावर सहा खाचा असतात. घोडा ओढायला लागलं की खिट्टी खाली दबते आणि चक्री मोकळी होते. चक्री फिरत फिरत पुढच्या खाचेजवळ आली की खिट्टी वर उडी मारते आणि खाचेत बसते. खट्! यंत्राचा मेळ जर बरोबर जमलेला असेल तर ही उडी खाचेच्या अगदी तोंडाशी पडते, तिथे तिच्यासाठी उतरत्या घळीसारखी वाट केलेलीच असते. चक्रीच्या बाकीच्या अंगाला खिट्टीचा स्पर्शही होत नाही. म्हणजे अशा रिव्हॉल्वरमधून नेमानं गोळ्या झाडल्या तरी चक्रीवर रेघ उमटायचं कारण नाही.

मग रेघ उमटते कशानं? तर अर्ध्या घोड्यानं. गोळ्या भरण्यासाठी घोडा निम्मा ओढून ठेवायची एक सोय असते. तिथे खिट्टी खाली आणि चक्री मोकळी, हातानं फिरवावी तशी फिरते, आणि फिरताना आतून छान कट् कट् वाजते. आता शहाण्या माणसानं काय करावं? भरणं झालं की घोडा पूर्ण मागे ओढावा, खिट्टी खाचेत बसू द्यावी, आणि मग अंगठ्याच्या ताब्यात ठेवून सावकाश खाली उतरवावा, तोही रिकाम्या घरावर. जुने लोक या बनावटीत सहा घरांत पाचच गोळ्या भरत ते याचसाठी. पण कित्येक जण अर्ध्यावरूनच घोडा खाली सोडतात. मग खिट्टी वर येते ती खाचेत नाही, दोन खाचांच्या मधे कुठेतरी चक्रीच्या उघड्या अंगावर. आणि चक्री जागेवर बसावी म्हणून बोटानं फिरवली की ती खिट्टी खरडत खरडत खाचेपर्यंत जाते. एकदा, दोनदा, हजारदा. सहा खाचांना जोडणारी एक चकचकीत रेघ गोल फिरून येते.

सगळ्याच रिव्हॉल्वरांना हा न्याय लावू नका बरं का. नुसता चाप ओढून चालणारी जी दुहेरी जात आहे, तिच्यात बहुधा खिट्टी लवकर वर येते आणि चक्रीला टेकूनच चालते, तेव्हा तिथे रेघ म्हणजे वयाची सुरकुती. सिंगल ॲक्शनमध्येही रूगर नावाच्या अमेरिकन कंपनीनं १९७३ साली नवी रचना केली. तिच्यात गोळ्या भरायचं छोटं दार लावलं की खिट्टी वर येते, मग चक्री खाचेवर आणून दार लावायची दक्षता घ्यावी लागते. १९७५च्या 'शोले'त गब्बरसिंग चक्री गरगरवतो ती पाहून ज्यांना हुरूप येतो, त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की ती त्याच्या घरची नव्हती. तिकडच्या शौकिनांची तर आणखी एक तऱ्हा. न झाडलेलं, चक्रीसुद्धा न फिरवलेलं रिव्हॉल्वर जास्त किमतीला जातं म्हणून ते घोड्याला बंद बांधून ठेवतात, न जाणो कुणी ओढला तर! आमच्या शेजारचा कपबशांचा सेट मला तेव्हा एकदम आंतरराष्ट्रीय वाटू लागला.

२०२४ साली लोकसभेची निवडणूक आली. आचारसंहिता लागली की ज्या परवानाधारकांना नोटीस येते त्यांनी शस्त्र ठाण्यात जमा करायचं असतं. मालकांनी मार्चमध्ये जमा केलं, परभणीचं मतदान २६ एप्रिलला झालं, जूनमध्ये निकाल लागल्यावर रिव्हॉल्वर घरी आलं. मग ऑक्टोबरात खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी शस्त्रांची आणि ज्याच्या त्याच्या हत्यारांची पूजा असते. आम्ही बँकेत काउंटरच्या संगणकाला, शिक्क्यांना, तिजोरीच्या किल्ल्यांना हळदकुंकू वाहतो आणि आमच्या गार्डच्या दुनळी बंदुकीला झेंडू. आमचा गार्ड म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला हवालदार, तिथे हत्यारं दुरुस्त करायच्या कामावर होता. संध्याकाळी मालकांनी आम्हां दोघांना प्रसादाला बोलावलं.

पाटावर रिव्हॉल्वर ठेवलेलं, शेजारी विळा, कुऱ्हाड आणि ट्रॅक्टरची चावी. मालक म्हणाले, "साहेब, देताना चक्री काळीभोर होती. आता बघा, बांगडी भरल्यावानी रेघ! ठाण्यात कोणीतरी खेळलंय. अर्ज करू लालो मी एसपीकडं. मसुदा तुम्ही लिहून द्या."

हवालदारानं हात पुसले, परवानगी घेतली, रिव्हॉल्वर उचललं. सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली आणि मगच देवाला करतात तसा नमस्कार केला. फौजेतला भक्तिमार्ग असा असतो. मग त्यानं रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"मालक, ठाण्यात किती दिवस होतं?"

"अडीच महिने."

"अडीच महिन्यांत हे होत नसतंय. पोत्यात बांधून ठेवलेल्याला तर नाहीच. हे रोजचं काम आहे. कोणीतरी रोज अर्धा घोडा ओढतंय, चक्री फिरवतंय आणि अर्ध्यावरनंच खाली सोडतंय. चारदोन नाही, पुष्कळ वर्षं."

खोलीत गप्प झालं. आतल्या दारातून मालकीणबाईंचा आवाज आला. "रोज रात्री कट् कट् वाजतंय ते हेच का? मी नऊ वर्षं झाली, उंदराचं औषध टाकू लाले."

त्या नऊ वर्षांचा हिशेब मला ठाऊक होता, कारण त्याची दुसरी बाजू आमच्या शाखेत होती. २०१५ साली मालकांचे वडील वारले. वाटण्या झाल्या आणि दोघा भावांत बांधावरून वाद लागला. कुणी कुणाकडे सरकवला हे बांधालाच माहीत. दिवाणी दावा झाला, तारखा पडल्या, बोलणं बंद झालं. वडिलांनी दोघांच्या नावावर, दोघांच्या सहीनं चालणारं एक खातं उघडून ठेवलं होतं. त्यावर त्या उन्हाळ्यानंतर एकही नोंद नव्हती. दोन वर्षं खातं हललं नाही की ते आमच्याकडे निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. मागितली तर परत मिळते, पण मागायलाही दोघांनी यावं लागतं. जमिनीला घसारा नसतो हे मी मघाशी सांगितलंच. तिच्यावरून भांडणाऱ्यांना असतो, आणि तो मांडायला आमच्या शास्त्रात रकाना नाही.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. मालकांनी ते रिव्हॉल्वर आयुष्यात एकदाही झाडलं नाही. आजोबांनी रानडुकरांवर झाडलं, तेव्हा रेघ नव्हती. वडिलांनी क्वचित, तेव्हाही नव्हती. ज्यानं मुळी वापरलंच नाही त्याच्या हातात ती उमटली. कोर्टात विचारलं असतं तर मालक निष्कलंक. कुणावर रोखलं नाही, कुणाला धमकावलं नाही, परवान्याची तारीख चुकवली नाही. पण रोज रात्री दार लावून, भावाचं नाव मनात घेऊन, निम्मा घोडा ओढायचा, चक्री फिरवायची आणि सोडून द्यायचं, हे निष्कलंक म्हणायचं का?

तुम्ही म्हणाल, अहो, पूर्ण ओढला असता तर बरं झालं असतं का? रागात अर्ध्यावर थांबलेला हात चांगलाच की! हा आक्षेप मला घरी परततानाच सुचला आणि मी तो मोटारसायकलवर हवालदाराच्या कानात ओरडून मांडला. तो ओरडून म्हणाला, "साहेब, घोडा पूर्ण ओढणं म्हणजे गोळी झाडणं नव्हे! पूर्ण ओढल्याशिवाय नीट उतरवताच येत नाही, एवढंच!"

मला वाटतं सगळं इथे आहे. आपण समजतो दोनच वाटा : करून टाकणे किंवा गप्प बसणे. तिसरी आपल्या लक्षात येत नाही. मनातली गोष्ट तोंडावर पूर्ण आणायची, तिचं खरं रूप बघायचं, आणि मग ताब्यात ठेवून, जाणूनबुजून खाली ठेवायची. याला संयम म्हणतात. अर्ध्यावर सोडून देतो त्यालाही आपण संयमच म्हणतो, कारण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आतली खिट्टी मात्र एकीत खाचेत असते आणि दुसरीत अंगावर.

आमच्या जमाखर्चात अशा अर्ध्या घोड्याला उचंत खातं म्हणतात. रक्कम आली, कुणाची ते कळत नाही, टाका उचंतात. आज टाकली, उद्या बघू. आम्ही सगळेच माणसाच्या खात्यात एकेक उचंत बाळगून असतो. बदलीचा अर्ज, जो १२ वर्षं टेबलाच्या खणात तारीख न घालता पडलाय. भाऊबिजेला ज्या बहिणीकडे 'पुढच्या वर्षी नक्की' जायचं आहे ती बहीण. साहेबांना 'एकदा सुनावणारच' आहे ते वाक्य, जे आंघोळ करताना रोज नवं सुचतं आणि साबणाबरोबर वाहून जातं. यातलं काहीच आपण करत नाही, त्यामुळे आपल्या हातून वाईट घडलं असं कुणी म्हणू शकत नाही. फक्त एक रेघ गोल गोल फिरत राहते. साठीला पोचलेल्या पुष्कळ माणसांच्या कपाळावर ती मी काउंटरवरून पाहिलेली आहे. पेन्शनच्या रांगेत ती फार स्पष्ट दिसते.

याउलट खऱ्या वापराची खूण पाहा. आमच्याच जिल्ह्यातलं गंगाखेड हे संत जनाबाईचं गाव, आणि जनाबाई म्हटली की जातं आठवायलाच हवं. जुन्या घरातल्या जात्याचा खुंटा हातानं हातानं असा गुळगुळीत होतो की सुतारानंही हेवा करावा. तो झिजलेला असतो, पण त्याला कुणी डाग म्हणत नाही. पाट्याचं तर उलटंच. पाटा वापरून गुळगुळीत झाला की तो बिनडाग होतो आणि चटणी वाटेनासा होतो. मग पाथरवटाला बोलावून त्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे पैसे देऊन ओरखडे पाडून घ्यायचे! रिव्हॉल्वरवरची ती निळीकाळी झळाळीसुद्धा रंग नसतो, मुद्दाम चढवलेला लोखंडाचाच ऑक्साइड असतो. म्हणजे गंजाचा भाऊबंद, गंजाला दाराबाहेर ठेवण्यासाठी दारात बसवलेला. भाऊबंदांचा असा उपयोगही असतो, हे मालकांच्या घरी त्या दिवशी सांगण्यासारखं नव्हतं.

आणि न वापरलेली प्रत्येक गोष्ट अर्धवटच असते असंही नाही. आमच्या हवालदाराची दुनळी गेली १४ वर्षं बँकेत आहे आणि देवाच्या कृपेनं एकदाही झाडावी लागलेली नाही. पण रोज सकाळी तो ती उघडून नळ्यांतून आरपार पाहतो, रजिस्टरात सही करतो, भरतो. संध्याकाळी उतरवतो, पुसतो, पुन्हा सही करतो. मधल्या वेळात तिला उगाच चाळवत नाही. झिजलाय तो फक्त दस्ता, खांद्याला आणि भिंतीला लागून. गोळी न झाडलेल्या दोन बंदुका : एक शांत, एक रेघाळलेली. फरक गोळीत नाही, रात्री हात कुठे जातो त्यात आहे.

बाकी रेघ घालवायचे उपाय असतात. बाटलीतली निळाई बोळ्यानं लावली तर ती काही दिवस झाकते. खिट्टीची कड कारागिराकडून गुळगुळीत करून घेतली तर खरडणं सौम्य होतं. पण हवालदाराचा सल्ला बिनखर्ची होता. "मालक, ओढायचा तर पूर्ण ओढा आणि धरून उतरवा. नाहीतर हातच लावू नका. मधलं काय नको." तो यंत्राविषयीच बोलत होता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

मालकांनी एसपींकडचा अर्ज मला लिहायला लावला नाही. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि रिव्हॉल्वर पुन्हा ठाण्यात गेलं. २० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ला निकाल लागला. त्या रिकाम्या दिवसांत, रात्री हाताला काही नसल्यामुळे की काय कोण जाणे, मालक एका सकाळी बांधावर गेले आणि नऊ वर्षांनी भावाशी बोलले. बोलले म्हणजे असे, की निम्मं गाव गोळा झालं. बापाच्या आजारपणात कोण किती दिवस दवाखान्यात होतं इथपासून कुणाच्या लग्नात कुणाला आहेर कमी पडला इथपर्यंत सगळं निघालं. गावकऱ्यांना वाटलं आज काहीतरी होतंय. घोडा पूर्ण मागे आला होता. मग धाकटा म्हणाला, "दादा, चहा तरी घे," आणि मोजणीचा अर्ज दोघांनी मिळून करायचं ठरलं. सगळं गोड झालं असं समजू नका. मोजणीत बांध निघाला हातभर इकडे, आणि त्यावरचं लिंबाचं झाड कुणाचं हा वाद अजून चालू आहे. फक्त तो दिवसाढवळ्या, मोठ्यानं चालतो.

२०२५च्या फेब्रुवारीत, दहा वर्षं भरायला थोडे महिने उरले असताना, दोघे भाऊ एका मोटारसायकलवरून बँकेत आले. खातं पुन्हा चालू करायचं होतं. मी फॉर्म दिले, आधारकार्डाच्या प्रती घेतल्या, सह्या घेतल्या आणि नमुन्याशी ताडून पाहिल्या. दोघांच्याही सह्या जुळेनात. नमुन्यातल्या ठसठशीत होत्या. आताच्या थरथरत्या, शेवटची वेलांटी गळालेल्या.

धाकटा घाबरला. "साहेब, आता काय?"

"काही नाही," मी म्हटलं, "घसारा आहे. नवा नमुना घेऊ."

आणि दोघांना एकाच कागदावर, एकाखाली एक, पुन्हा सह्या करायला लावल्या. थोरल्यानं पेन अर्ध्यात उचललं, तेव्हा दारातून हवालदार खाकरला. मग मात्र त्यांनी वेलांटीसकट पूर्ण केली.